त्रेसष्ट क्रमांकाच्या बिल्ल्याची खोटी साक्ष

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. कारखान्यातल्याच प्रेसवर माझी चकती कापली गेली, कानशीने कडा घासल्या गेल्या आणि माझ्यावर त्रेसष्ट हा आकडा ठोकला गेला. माझा मालक फिटर. सकाळी त्याने मला फाटकाजवळच्या फळ्यावर अडकवले की तो कामावर आला असे धरले जाई. एकोणीस वर्षांत त्याला एकदाही उशीर झाला नाही. साहेबांनी त्याची पाठ थोपटली, तेव्हा मीही मनातून फुललो होतो.

इतरांना मात्र उशीर होई. मग सोबती त्यांचा बिल्ला गुपचूप अडकवून देत. आमच्याकडे यालाच दोस्ती म्हणत. वेल्डरचा बिल्ला तर माझ्या मालकाने कितीदा तरी अडकवला होता.

एकदा आरोग्यसेविका आल्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तोंडाच्या कर्करोगाची चित्रे दाखवली आणि बजावले, "तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा लपवू नका." माझ्या मालकाच्या गालात, तंबाखू धरण्याच्या जागी, तसाच चट्टा होता. दुसऱ्या दिवशी बिल्ला दाखवून प्रत्येकाने तपासणी करून घ्यायची होती. मालकाने मला वेल्डरच्या हातात कोंबले.

"माझ्या नंबरावर तूच जाऊन ये."

"अरे, बिल्ला अडकवणं वेगळं. तोंड कसं उसनं देऊ?"

"तुझे उशीर मी झाकले की नाही? मग कर आ, आणि ये परत!"

तपासणी दोन मेजांवर चालू होती. वेल्डर एका मेजापुढे स्वतःच्या बिल्ल्याने बसला, दुसऱ्यापुढे माझ्या. माझ्या आकड्यापुढे 'दोष नाही' असे लिहिले गेले आणि तसा कागद मालकाला घरी न्यायला मिळाला. मला वाचा असती तर!

घरी मालकाच्या बायकोने "दाखवून या हो" असा लकडा लावला होता. तिने तो कागद दोनदा वाचला, डोळे पुसले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पुढे पुढे मालकाचाही त्या कागदावर विश्वास बसू लागला. मला त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटली.

पाच महिन्यांनी त्याच्या तोंडात चमचा जाईना. ते पाहून वेल्डरने मला फळ्यावरून काढले आणि कारखान्यात पुन्हा आलेल्या आरोग्यसेविकांच्या मेजावर ठेवले.

"ताई, त्रेसष्ट नंबरचं तोंड माझं होतं."

मालकाला बायकोसह बोलावण्यात आले. "हे कधीपासून आहे?" ताईंनी विचारले. उत्तर बायकोने दिले, "कागद आला त्याच्या आधीपासून. मी विचारायचं सोडलं, ते त्या कागदामुळेच."

आता जबड्याचा काही भाग काढावा लागणार आहे. तेवढ्याने भागेल का, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरचे कोणी कामावरच्या तपासणीहून परतले, तर नुसता कागद पाहू नका. "तुम्ही स्वतः बसला होता ना?" असे विचारा. ते रागावतील. रागावले तरी विचारा.