भरलेला तांब्या

"आई, बॅटरी नटावर धरा. माझ्या डोळ्यांवर नको."

गाडीखाली पडल्या पडल्या हे मी तिसऱ्यांदा सांगत होतो. सासूबाई शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. वय एकोणऐंशी. बोलायला लागल्या की हातातली बॅटरीही बोलण्याबरोबर फिरते. माझी बायको अशीच बॅटरी धरायची. एकतीस वर्षं मी तिला हेच सांगत आलो. ही खोड आईकडून आलेली आहे हे मला त्या शनिवारी कळलं, आणि तिला चिडवायची सोय उरलेली नव्हती. तिला जाऊन सात महिने झाले होते.

तिच्या आजारपणात सासूबाई आमच्याकडे आल्या, त्या राहिल्याच. आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघंच. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेव्हणा, दर आठवड्याला फोन करायचा की आईला आता माझ्याकडे आणून सोडा. माणूस चांगला, त्याची बायकोही चांगली. आईने मुलाकडे असावं, यात चूक काय? सासूबाई नाही म्हणत नसत. आज गुडघा, उद्या थंडी, असे दिवस ढकलत असत. शेवटी त्याने रविवार पक्का केला आणि मी हो म्हणून बसलो. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? बायको गेल्यावर सासूला ठेवून घ्यायचा हक्क जावयाला कितपत उरतो, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

या खटाऱ्यातून मी जाणार नाही, असं त्यांनी लगेच जाहीर केलं. तक्रार खोटी नव्हती. आमची गाडी एकवीस वर्षांची. पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर मेलेले, चाकाच्या दांड्यांमधली रबरं झिजलेली. गतिरोधक आला की पुढून खाडकन आवाज यायचा. मागे त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा त्यांची कंबर तीन दिवस धरली होती. मेव्हणा म्हणाला, भाड्याची चांगली गाडी पाठवतो. तर परक्या गाडीत त्यांना मळमळतं. मग मीच म्हणालो की गाडी नीट करतो.

"करा की," त्या म्हणाल्या. "मी मांडीवर भरलेला तांब्या घेऊन बसते. एक थेंब सांडला तरी गाडी माघारी वळवायची."

माझी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. लिफ्टच्या कामात परीक्षा एकच. आतल्या माणसाला लिफ्ट थांबली हे दार उघडल्यावरच कळलं पाहिजे. त्यामुळे तांब्याची अट ऐकून मला चेव आला. चेव आला की माणूस विचार करत नाही. त्यांना घरातून घालवायची तयारी मी मन लावून करत होतो.

पहिला नट गंजून बसलेला. तेल सोडलं, चहा घेतला, पुन्हा तेल सोडलं. सासूबाई म्हणाल्या, याला तुमच्यासारखंच आहे, दोनदा चहा दिल्याशिवाय हलत नाही. दुपारपर्यंत दोन्ही शॉकॲब्सॉर्बर निघाले. जुना हाताने दाबला तर दबला तो तसाच राहिला. नवा दाबला तर सावकाश वर आला. त्यांनी तो चार वेळा दाबून पाहिला. भाजीवाल्याची भाजी निवडतात तसं तोंड करून पास केला.

मग रबरांची पाळी आली. जुनं रबर मी त्यांच्या हातात ठेवलं. भेगा पडून त्याचा चुरा व्हायला आला होता. हे कशाला असतं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की दोन लोखंडं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मधे हे घालतात. दणके हे खातं, आवाज होऊ देत नाही.

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"म्हणजे आपलं रबर गेलं," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही आणि मी खडखडायला मोकळे."

मी गाडीखाली हसलो. खरंच होतं ते. भाजीतलं मीठ, टीव्हीचा आवाज, पेपरची घडी, आमचं एकमत कशावरच नव्हतं. पण त्यांचं बोलणं माझ्यापर्यंत बायकोकडून यायचं आणि येईपर्यंत तिने त्यातले काटे काढलेले असायचे. सात महिने आम्ही समोरासमोर भांडत होतो. आवाज पुष्कळ व्हायचा, पण जेवण एकाच वेळी व्हायचं.

नवं रबर काही केल्या आत जाईना. मी हातोडी उचलली तशी त्यांनी अडवली आणि आतून साबण आणला. बांगडी चढत नसली की काय करतात, एवढंही लिफ्टवाल्याला माहीत नाही, असं म्हणाल्या. साबण लावला आणि रबर सुळकन आत गेलं. पुढचे दोन तास मला हेच ऐकावं लागलं.

रबराच्या बोल्टला शेवटचा पीळ गाडी हवेत असताना द्यायचा नसतो. गाडीचं वजन चाकांवर आलं की मग आवळायचं, नाहीतर रबर मुरगळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून मी चाकांखाली जाड ठोकळे सरकवले, गाडी त्यांवर टेकवली आणि सासूबाईंना पुढे डावीकडे बसायला सांगितलं. त्या पुढे कधी बसत नसत. ती जागा मुलीची. क्षणभर थांबल्या, मग बसल्या. माझ्या वजनाचा कोणाला तरी उपयोग झाला, म्हणाल्या.

मी खाली, त्या वर. मधे गाडीची फरशी. तोंड दिसत नसलं की बोलणं सोपं जातं.

"तिकडे मला नातीची खोली देणार आहेत," वरून आवाज आला. "तिचं टेबल बाहेर काढणार. तिची परीक्षा आहे."

"हं."

"इथली माझी खोली काय करणार?"

"काय करणार? रिकामीच राहील."

राहा म्हणायचं तर तेव्हाच म्हणायला हवं होतं. शब्द तोंडात आलेही होते. मी पान्याला आणखी पाव पीळ दिला.

"घट्ट झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

रविवारी त्यांची बॅग मी मागे ठेवली. त्यांनी तांब्या गळ्यापर्यंत भरला आणि मांडीवर घेऊन पुढेच बसल्या. हमरस्त्यापर्यंत पाच गतिरोधक आहेत. पहिला शाळेजवळ. तिथे बायको दर वेळी पुढच्या फळीवर हात टेकायची आणि "हळू" म्हणायची. मी वेग कमी केलेला असला तरी म्हणायची. आज कोणी काही म्हणालं नाही. गाडी वर गेली, खाली आली. पाणी काठाला लागून परत फिरलं. दुसरा गेला, तिसरा गेला, चौथा गेला. खाडकन नाही की खुट्ट नाही. पाचव्यावरून उतरलो ते लिफ्ट तळमजल्याला टेकावी तसं. मला इतका आनंद झाला की मी स्वतःलाच शाबासकी देणार होतो. मग समोर हमरस्त्याची पाटी दिसली आणि आनंद कुठल्या कुठे गेला.

रस्ता सपाट होता. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि तांब्या स्वतःच्या मांडीवर शांतपणे कलता केला. सगळा.

"सांडलं," त्या म्हणाल्या.

मी गाडी कडेला घेतली. सीटवरून पाणी खाली गळत होतं. मी खाली वाकून नीट पाहिलं.

"हो," मी म्हणालो. "डावीकडचं काम कच्चं राहिलंय. परत खोलावं लागेल."

"किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही. जुनी गाडी आहे. एक केलं की दुसरं निघतं."

मेव्हण्याला फोन करून सांगितलं की गाडी पास झाली नाही, डावीकडून पाणी आलं. शॉकॲब्सॉर्बरमधून पाणी कसं येईल, तो म्हणाला. मग आई शेजारीच आहे का, असं त्याने विचारलं. मी आहे म्हणालो. तर म्हणाला, मग सावकाश होऊ द्या काम, मीच येत जाईन तिकडे.

मी गाडी वळवली. त्या ओल्या कपड्यांनिशी ताठ बसल्या होत्या, रिकामा तांब्या मांडीवर. शाळा जवळ आली तसा त्यांनी एक हात पुढच्या फळीवर टेकला.

"हळू," त्या म्हणाल्या.

गाडीला आता त्याची गरज नव्हती. मी हळू घेतली.