कुठलं अंग?

नानासाहेबाला सगळं कळतं, असं अख्ख्या पडेगावाचं मत होतं. आवडाबाईचं नव्हतं, पण ती पडली त्याची बायको, तिला विचारतो कोण!

म्हैस आटली, विचारा नानासाहेबाला. विहिरीला पाणी कुठं लागंल, विचारा नानासाहेबाला. निजामाचं राज्य गेलं तेव्हा हा गडी शेंबूड पुसत फिरत होता, पण पोलीस ॲक्शनच्या गोष्टी अशा रंगवायचा, की फौज जणू यालाच वाट विचारून शहरात शिरली. सोसायटीचा चेअरमन झाल्यापासून तर त्याच्या ज्ञानाला नुसता ऊत आला होता. त्यातही बायकांच्या दुखण्यावर त्याचा विशेष हात. स्टँडवर कुठलंसं पिवळं पडलेलं पुस्तक घेतलेलं, त्यातली चार पानं वाचलेली, आणि तेवढ्या भांडवलावर हा बाबा पारावर बसून गड्यांना समजावून सांगायचा, "बाईचं अंग थंड पडलं, की ती नवऱ्याला झिडकारती. त्याला विलाज नसतो." गडी माना डोलवायचे. शेजारून हंडा घेऊन जाणारी आवडाबाई मनात म्हणायची, बोल बाबा, बोल. तुझ्या जिभेला कुठं हाड हाय!

कारण ती थंड पडलेली बाई म्हणजे तीच होती, हे पारावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

गेल्या पोळ्यापासून तिची दशा झाली होती. लघवीला जळजळ, अंगावरून पांढरं जायचं, त्याला घाण वास, ओटीपोटात सारखं ठसठसायचं. आणि नवरा जवळ आला की अशी कळ निघायची, की तोंडात पदर कोंबावा लागायचा. पहिले काही महिने तिनं कोंबला. मग एक दिवस गपचूप धान्याच्या खोलीत वाकळ टाकली, पोरीला कुशीत घेतलं आणि आतून कडी लावली.

बोलली नाही असं नाही. बाईमाणसाला बोलायला जेवढे शब्द दिलेत, तेवढ्यात ती बोलली. "अंग दुखतं," म्हणाली. नवऱ्यानं बामाची डबी आणून दिली. गावातल्या कंपौंडरनं लाल औषधाची बाटली दिली, ताकदीचं म्हणून. सासू साळूबाईनं तर कमाल केली. सुनेच्या पाठीला तेल चोळलं आणि नातीला तिच्या पाठीवर नाचायला लावलं. पोर बिचारी खुशीत नाचली. दुखणं होतं तिथंच राहिलं.

शेवटी साळूबाईनं ठरवून टाकलं, की एका पोरीवर घर काही थांबायचं नाही, दुसरी करायची. लांबच्या नात्यातला वैजापूरचा पुंजाराम आपली पोर द्यायला तयार झाला. पोर नुकती अठराची. फक्त पुंजारामाची एक अट होती. "शहरातल्या डॉक्टरीनबाईनं माझ्यादेखत तोंडानं सांगावं, की पहिली निकामी हाय म्हनून. उद्या लोकांनी म्हनायला नको, धडधाकट बाईवर पुंजारामानं सवत घातली." बघा, केवढी ही न्यायबुद्धी! पोर दुसरेपणावर देताना याचं काळीज हललं नाही. भीती कशाची, तर लोक काय म्हणतील याची.

म्हणून त्या दिवशी तिघं शहरात आले. पुढं नानासाहेब, त्याच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारत पुंजाराम, आणि मागं आवडाबाई. बाजारात जनावराचे दात बघायला जाणकार माणूस नेतात, तसा पुंजाराम बरोबर आलेला. तिला दोघांची किळस आली होती. पण धास्तीही होती. डॉक्टरीनबाई खरंच निकामी म्हणाली तर? मग त्याच घरात सवतीच्या हाताखाली राख काढत जन्म काढायचा, आणि पोरीनं ते बघायचं. त्या वैजापूरच्या पोरीला तर ती मनातल्या मनात रोज शिव्या घालत होती.

"तू काय बोलू नको," नानासाहेबानं दवाखान्याच्या पायरीवर बजावलं. "तुला नीट सांगता यायचं नाय. मी सांगतो."

शहागंजातल्या गल्लीत डॉक्टर मेहरुन्निसांचा दवाखाना होता. बाई हैदराबादेत शिकलेल्या, केस पिकलेले, जिभेला धार. बाहेरच्या बाकांवर सगळ्या बायका. त्यांच्यात हे दोन गडी पाय पसरून बसले. नर्सनं आवडाबाईचं नाव पुकारलं आणि नानासाहेबच आधी उठला.

"क्या तकलीफ है?" डॉक्टरीनबाईंनी आवडाबाईला विचारलं.

"त्याचं काय हाय डॉक्टरीनबाई," नानासाहेब खुर्ची ओढून बसला. "हिचं अंग थंड पडलंय. मी याचा बराच अभ्यास केलाय. बाईच्या शरीरात..."

"दुखतं कोणाला? तुमाला?"

"नाय, हिला."

"मग तुमी बाहेर बसा."

"पर तिला सांगता येत नाय."

"मुकी है क्या?"

"मुकी नाय, पर..."

"मग बाहेर! और जाते-जाते परदा ठीक से लगाव."

चेअरमनसाहेबांनी उठून, स्वतःच्या हातानं पडदा लावला आणि बाहेर गेले. आवडाबाईनं लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याला कुणाचं तरी ऐकताना बघितलं, आणि असल्या धास्तीतही तिला लई बरं वाटलं.

"हां बेटी, बोल."

"अंग दुखतं," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

डॉक्टरीनबाई पुढं झुकल्या. "कुठलं अंग? सगळं अंग, की ते अंग?"

आवडाबाई बघतच राहिली. इतक्या जणांना सांगितलं. सासूला, कंपौंडरला, त्या दीडशहाण्याला. पण कुठलं अंग, असं एकानंही विचारलं नव्हतं!

"ते," ती म्हणाली.

आणि मग तिला कुणी थांबवलं नाही. जळजळ, पांढरं, वास, तोंडातला पदर, धान्याच्या खोलीची कडी, सगळं सगळं ती बोलली. शब्द सापडला नाही तिथं हातानं दाखवलं. मधेच रडली, नाक पुसलं, पुन्हा बोलली. डॉक्टरीनबाई मान हलवत होत्या, मधून साधे प्रश्न विचारत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर लाजेचा लवलेश नव्हता.

"मग घरच्यांनी औषध काय दिलं?"

"बाम."

"या अल्ला! बाम?" डॉक्टरीनबाईंना हसू आवरेना. आवडाबाईला पण फुटलं. आत दोघी खो खो हसत होत्या, आणि बाहेर नानासाहेब अस्वस्थ होऊन खाकरत होता.

तपासून झाल्यावर डॉक्टरीनबाईंनी हात धुतले आणि समोर बसल्या. "हे बघ, थंड-बिंड काही नाही. आत जंतू आहेत, सूज आहे. विस्तवाला हात लागला की हात आपसूक मागं येतो ना? तसंच शरीर नको म्हणतं. त्यात तुझा काय कसूर?"

"म्हंजे मी निकामी नाय?"

"निकामी? ये लफ्ज कौन बोला तेरेकू? इंजेक्शनं घे, गोळ्या घे, बरी होशील." मग त्यांनी आवाज उतरवला. "पण ही बिमारी आपोआप होत नाही, बेटी. एकाकडनं दुसऱ्याकडं जाते. तू कुणाकडं..."

"देवाशपथ नाय, बाई!"

"मला वाटलंच. बोलाव तुझ्या पंडिताला."

नानासाहेब आत आला तो विजयी मुद्रेनं. "काय, मी म्हनलं तसंच निघालं ना?"

डॉक्टरीनबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू याचं आतडं बाहेरूनच दिसत असावं. मग एकदम मवाळ आवाजात म्हणाल्या, "नानासाहेब, तुमी अभ्यास केलाय, म्हणून विचारते. गड्याला सुजाक झाला, पेशाबला आग झाली, पू आला, तर सहा-सहा महिने बरा होत नाही म्हणतात. खरं है क्या?"

"सहा महिने?" नानासाहेब हसला. एवढी शिकलेली बाई आणि तिला एवढं ठाऊक नाही! "छ्या! कोन म्हनतं? चांगली विंजेक्शनं घेतली की आठवड्यात साफ. लासूर स्टेशनला एक डॉक्टर हाय, मी सोता त्याच्याकडं..."

आणि त्यानं जीभ चावली.

सुजाक हा शब्द आवडाबाईनं कधी ऐकला नव्हता. पण विंजेक्शन हा शब्द ऐकला होता, लासूर स्टेशन ऐकलं होतं, आणि नवऱ्याचा चेहरा तिच्यासमोर होता. गेल्या पावसाळ्यात बाजाराच्या कामाला म्हणून हा लासूरला राहिला होता. आला तो कुंथतच आला. म्हणाला, उन्हाळी लागली. तिनं धने-जिरे भिजवले, चोळून, गाळून, खडीसाखर घालून पेले भरभरून दिले. त्याची डागाळलेली धोतरं आजारी माणसाची म्हणून नाक न मुरडता धुतली. पुन्हा दोन-चारदा तो लासूरला गेला आणि ठणठणीत झाला. तेव्हा साळूबाईनं सुनेच्या धन्या-जिऱ्याचं गावभर कौतुक केलं होतं. मग पोळा आला, आणि हिला जळजळ सुरू झाली.

"अहो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता अजून. "मला आग व्हायला लागली, तवा तुम्ही काय म्हनला होता?"

"आवडे, हळू. बाहेर लोक हायेत."

"म्हनला होता, उन्हाळी हाय, धने पी. सोताला विंजेक्शन आन मला धने, व्हय?" आता मात्र चढला. "तुमाला ठावं होतं! पह्यल्या दिवसापासून ठावं होतं, हे काय हाय ते! आन पारावर बसून माझं अंग थंड पडल्याचं सांगत होता?"

"मला वाटलं," नानासाहेब चाचरला, "बायकांना ते विंजेक्शन चालत नसंल."

सगळं कळणाऱ्या माणसाचं हे उत्तर! डॉक्टरीनबाईंनी कपाळावर हात मारला.

"ऐक," त्या म्हणाल्या, आणि 'तुमी' त्यांनी खिडकीबाहेर फेकून दिलं. "दोघांना औषध लागेल. पुरं होईपर्यंत हिच्या खोलीकडं फिरकायचं नाही. वरना फिर वहीच."

"पर मी बरा हाय."

"तू बरा दिसतोस. आत अजून काय आहे ते तुला दिसत नाही. बाहेर थांब, नर्स बोलवेल."

आवडाबाईनं आपलं इंजेक्शन घेतलं, गोळ्या पदराला बांधल्या आणि बाहेर आली. पडदा कितीसा जाड असणार? बाकावरच्या बायकांनी सगळं ऐकलं होतं. एकजात सगळ्या नानासाहेबाकडं बघत होत्या, आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. पुंजाराम मात्र पान खायला बाहेर गेलेला, तो आत्ताच आला होता.

"काय म्हनली डॉक्टरीनबाई?" त्यानं विचारलं.

"चला, बाहेर च्या घेऊ," नानासाहेब त्याचा दंड धरायला गेला.

"बाहेर कशाला?" आवडाबाई म्हणाली. "पुंजारामभाऊ, मी धडधाकट हाय. रोग यांनी लासूरहून आनला, सोता विंजेक्शनं घेऊन गप बसले आन मला दिला. तुमच्या पोरीला पन देतील."

झालं, ती मनात म्हणाली. बाप आहे, आता पायताण काढंल. निदान सोयरीक तरी मोडंल.

पुंजारामानं पान गालात सरकवलं. थोडा विचार केला. "पर औषधानं जातं ना ते?"

ती गार पडली.

"तसं असंल तर काय बिघडलं?" पुंजाराम समजुतीनं म्हणाला. "गड्यामाणसाचं चालायचंच काहीबाही. नानासाहेब, तुम्ही घ्या विंजेक्शनं. दिवाळी झाली की सुपारी फोडू. वहिनी बऱ्या झाल्या तर चांगलंच की, दोघी मिळून नांदतील. आमची पोर गरीब हाय, तोंडातनं शब्द काढत नाय."

तोंडातनं शब्द काढत नाय! थू तुझ्या जिनगानीवर, आवडाबाईच्या ओठापर्यंत आलं. पोरीचा बाप हा? नवऱ्याचा तिला राग होता. या माणसाचा राग येण्याइतकीही त्याची लायकी नव्हती. आणि तिनं शिव्या कुणाला घातल्या होत्या, तर त्या मुक्या पोरीला. ती पोर येणार, पहिल्याच वर्षी पदर तोंडात कोंबणार, आणि तिला बोलायलाही कुणी शिकवलेलं नाही. आवडाबाईला त्या न बघितलेल्या पोरीचं असं वाईट वाटलं, की डोळे भरून आले.

तिनं डोळे पुसले आणि बाकावरच्या एका म्हातारीला विचारलं, "मावशे, वैजापूरची यष्टी कुठून मिळंल?"

"मोठ्या स्टँडावरून, माय."

"वैजापूरला कशाला?" पुंजारामाच्या तोंडातलं पान थांबलं.

"तुमच्या मंडळीला भेटायला. दगडाबाई ना नाव? त्यांच्याशी बोलते, आन पोरीशी बी."

आता पुंजारामाला घाम फुटला. बाप चघळत बसेल, पण दगडाबाई बसणार नाही. ती आधी याचं पागोटं ओढील आणि मग बाकीचं बोलेल, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. "वहिनी, आवो असं काय करता! बायकांत कशाला नेता ही गोष्ट?"

"आवडे!" नानासाहेब ओरडला. "मुकाट्यानं घरी चल. घराची अब्रू चवाट्यावर..."

"नानासाहेब!" नर्सनं पडद्याआडून हाक मारली. "आत या. धोतर सैल करून ठेवा!"

बाकावर जो हशा पिकला, तो पार गल्लीत ऐकू गेला. चेअरमन धोतराचा सोगा धरून मध्येच उभा राहिला; त्याला आत जाता येईना, की बायकोमागं पळता येईना. आवडाबाईनं एकदा त्याच्याकडं बघितलं, आणि पायरी उतरली.

पुंजाराम मात्र पळत आला. गल्लीच्या तोंडाशी त्यानं तिला गाठलं, हात जोडले. "वहिनी, थांबा! मोडतो मी सोयरीक. आत्ता मोडतो, तुमच्यासमोर. पर घरी नका जाऊ, तेवढं सांगू नका."

"मोडायची का ठिवायची, ते तुमचं तुम्ही बघा, भाऊ," आवडाबाई म्हणाली. "आज याला मोडाल, उद्या दुसरा असलाच बघाल. पोरीला कळाया पायजे, कुठलं दुखतं ते कसं सांगायचं."

आणि त्याला तिथंच सोडून ती स्टँडाच्या रस्त्याला लागली.