पाट्यांची अदलाबदल

संग्रहालयातल्या एकाच कपाटात पेंढा भरलेली दोन घुबडं होती. कूळ एक, जाती वेगळ्या: एक वस्तीतलं, मुबलक, दुसरं दलदलीतलं, नामशेष. नव्या पाट्या लावताना रंगाऱ्याने नेमका घोळ घातला आणि 'नामशेष' वस्तीतल्या घुबडाखाली गेलं.

त्या दिवसापासून रंगाऱ्याच्या घरामागच्या झाडावरचं घुबड गप्प झालं. "गेलं एकदाचं मेलं!" बायको म्हणाली. मग एका संध्याकाळी तिने कान टवकारले. "अहो, दलदलीकडून ही शीळ कुणाची येतेय? असला पक्षी जन्मात ऐकला नाही बाई."

रंगाऱ्याच्या एकदम ध्यानात आलं, पाट्यांची अदलाबदल झाली होती.

सकाळी त्याने दोन्ही पाट्या उचकटल्या. काचेचे चारही डोळे त्याच्यावर रोखलेले होते. 'नामशेष' कुणाखाली लावायचं, हे आता त्यालाच ठरवायचं होतं.