चौथी सही

बेडकाच्या अंड्यांना चार वर्षं सुया टोचून तिला विभागात ‘बेडूकताई’ ही पदवी कधीच मिळाली होती. खरी मिळायची बाकी होती. सोमवारी नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि त्यासाठी आज तोंडी परीक्षेच्या कागदावर चार परीक्षकांच्या सह्या हव्या होत्या. विभागप्रमुख बाईंची धरून तीन झाल्या. उरले पण-सर. प्रबंध न उघडता शंका काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

“पण,” पण-सर म्हणाले, “अंड्यात निम्मे घटक चांगले, निम्मे बिघडवलेले. मग निम्मं काम चालायला हवं. तुमचं सोळावा हिस्साच कसं? साधं गणित चुकलंय.”

तिने खडू उचलला. मज्जापेशीच्या भिंतीत पोटॅशियमला बाहेर सोडणारी दारं असतात, तिने सांगितलं. पेशी खवळली की तीच तिला शांत करतात. हीच दारं तिने बेडकाच्या अंड्यांत बनवून घेतली होती. एकेक दार चार घटक जमून बनतं. चांगले-वाईट सरमिसळ जमतात, आणि चारांत एक जरी बिघडलेला शिरला की दार उघडतच नाही. चारही चांगले असं सोळांत एकदाच जुळतं.

“पण बाकीचे तिघे चांगले आहेत ना? मग पाऊण दार उघडेल की! गणित दुरुस्त करा, सहा महिन्यांनी या.” त्यांनी पेनाला टोपण लावलं.

सहा महिने! तोवर नोकरी थोडीच थांबणार होती? तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आवाज मऊ ठेवून ती बाईंकडे वळली.

“मॅडम, तीन सह्या झाल्यात. मला पाऊण पदवी द्याल?”

बाई हसल्या. “अगं, पाऊण पदवी कधी असते का? चारांतली एक अडली की सगळंच अडलं.”

“अर्थात!” पण-सरांनी टेबलावर थाप मारली. “नियम म्हणजे नियम. एक नाही, तर काहीच नाही.”

“तेच म्हणतेय, सर,” ती म्हणाली. “पान एकशे बारा.”

कुणीतरी खोकलं. पण-सरांनी पहिल्यांदाच प्रबंध उघडला, कान लाल होईतो ते पान वाचलं आणि सही केली. सहीखाली मात्र एक दुरुस्ती सुचवली: पाऊण पदवीचं उदाहरण आमच्या चर्चेतून निघालं आहे, तेव्हा आभाराच्या पानावर आमचं नाव घालावं.

तिने घातलं. बेडकांच्या खाली.