पुतण्याच्या पसंतीचा कॉम्प्युटर

काकूंच्या सुनेने पुतण्याच्या कॉम्प्युटरवर डोळे फोडून काढलेले घरांचे नकाशे त्याने स्वतःचं नाव घालून बिल्डरला दिले. तिने जाब विचारला तेव्हा पाय हलवत म्हणाला, "कॉम्प्युटर कुणाचा होता, वहिनी?" सून घरी आली. काकूंनी मात्र मनात गाठ मारली आणि चार दिवस जाऊ देऊन त्याच पुतण्याला लाडीगोडीने बोलावलं.

"इंजिनिअर, मला एक कॉम्प्युटर जुळवून दे बाबा. मालिका बघेन, पत्ते खेळेन. आम्हा अडाण्यांना त्यातलं काय कळतंय!"

दुकानात त्याने स्वस्तातल्या एका खोक्यावर टिचकी मारली. "मालिकांना हा बास झाला, काकू."

"बास रे. पण एवढ्याच पैशांत तू स्वतःसाठी घेतला असतास, तर काय घेतलं असतंस?"

झालं, गडी चढला हरभऱ्याच्या झाडावर. प्रोसेसर असा घ्यायचा की चित्र दाखवायचं कामही तोच करेल, म्हणजे वेगळ्या ग्राफिक कार्डाचा खर्च वाचला. "सपाट नकाशांना ते लागतच नाही," तो बोलून गेला. काकू छताकडे बघत राहिल्या. वाचलेले पैसे रॅमला. "माझा कॉम्प्युटर इथेच मार खातो. मोठी फाइल उघडली की धापा टाकतो."

"मग आम्हाला दुप्पट द्या," काकू दुकानदाराला म्हणाल्या.

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "मावशी, पत्त्यांना दुप्पट रॅम?"

"मी जोरात पिसते."

दुकानदाराने रंगीत दिव्यांचं, काचेचं कॅबिनेट पुढे केलं. पुतण्याने ते बाजूला सारलं. "साधा पत्रा द्या आणि पॉवर सप्लाय चांगला द्या. तिथे हात आखडला की एक दिवस सगळंच जळतं." पोरगा अगदी जीव ओतून निवडत होता. शेवटी स्क्रीनला पैसे उरले नाहीत, तेव्हा म्हणाला, "माझा जुना मॉनिटर पडलाय. तो आणतो. पैसे नकोत."

काकू 'नको' म्हणणार होत्या. मग त्यांनी पिशवीतून पैसे काढले आणि मोजायला घेतले.

घरी टेबलाशी बसून त्याने सगळं जोडलं. स्क्रीन उजळली. "पत्त्यांचा खेळ टाकू ना?"

"नको. सूनबाई, ये, बस." सून बसली. काकू पुतण्याकडे वळल्या. "बिल्डरशी बोललेय मी. त्यांनी जिन्याचं विचारलं तर तुझी दातखीळ बसली म्हणे. हिने फोनवर सगळं समजावलं. पुढचे नकाशे आता इथे होतील, हिच्या नावाने."

पुतण्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. "काकू, तुम्ही माझ्याकडूनच..."

"मग कुणाकडून? तुझ्याइतकी पारख आहे का कुणाला आपल्यात?"

तो मॉनिटरकडे बघत होता. काकू त्याचीच वाट पाहत होत्या. त्याने तो परत मागावा, मग त्या वायर उपटून त्याच्या हातात देणार होत्या आणि ही गोष्ट चार नातेवाइकांत रंगवून सांगणार होत्या. "परत हवा असेल तर आत्ता बोल. पायरी उतरलास की विषय संपला."

"असू दे," तो म्हणाला. "वहिनीला लागेल." आणि चपला घालून गेला.

इतका चवीने शिजवलेला सूड, आणि मेल्याने शेवटच्या घासात खडा टाकला.

"आधी ती स्क्रीन पूस," काकू खेकसल्या. "त्याची बोटं उमटलीत."

सुनेला ऐकूच गेलं नाही, ती केव्हाच नकाशात शिरली होती. मग काकूंनीच फडकं घेतलं.