कवळीमास्तरांनी निवडलेले मैदान

"डावं कोपर! साडूबुवा, डावं कोपर सरळ!" कवळीमास्तर ओरडले, पण तोवर गोल्फची काठी फिरली होती. साडूंचा चेंडू जमिनीला खेटून तिरका पळाला आणि कुणी बोलावल्यासारखा झुडपांत शिरला.

"गेला," साडू म्हणाले.

"जाणारच. सांगून सांगून जीभ झिजली माझी. बघा आता." मास्तरांनी पाय रोवले, दोनदा कंबर हलवली आणि फटका मारला. चेंडू छान उंच गेला, वर जाऊन जरा विचार केला आणि साडूंच्याच झुडपात येऊन पडला.

"सोबतीला पाठवलात होय?" साडू म्हणाले. दोघेही हसत हसत झुडपांत घुसले.

कवळीमास्तर म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारे. ते आणि त्यांचे थोरले भाऊ मिळून एक छोटा कारखाना चालवायचे. मास्तर ही पदवी मात्र कारखान्याने दिलेली नव्हती. कुठल्याही विषयावर समोरच्याला शिकवायला बसायचे, म्हणून ती आपसूक चिकटली होती. भाऊ गेले तेव्हा मास्तरांनी कारखाना विकला आणि अंथरूण धरले. तसा आजार काही नव्हता. नुसते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. त्या दिवसांत एका दातांच्या डॉक्टराने आपल्या जुन्या गोल्फच्या काठ्या पिशवीसकट त्यांच्या घरी आणून टाकल्या होत्या. त्या काठ्यांना कुणी हात लावला नव्हता. मग एके सकाळी साडू दारात उभे राहिले. साडू म्हणजे मास्तरांच्या मेहुणीचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करणारे, बोलायला कमी. म्हणाले, "दादा, मला हे शिकायचंय. एकट्याला लाज वाटते. चला ना."

तेव्हापासून दोघे खेळत होते, आणि वाईट खेळत होते. चांगल्या खेळाडूला लागतात त्याहून आपल्याला किती फटके जास्त लागतात, त्या आकड्याला हँडिकॅप म्हणतात. या दोघांचा हँडिकॅप सांगितला की मैदानावरचा माणूस आधी कान पुढे करायचा आणि मग सहानुभूतीने मान हलवायचा. पण वर्षातून एकदा दोघी बहिणींना घेऊन ते सुट्टीला जायचे आणि तिथे मैदान निवडण्याचा मान मास्तरांचा असायचा. त्यात ते कुणाचे ऐकत नसत.

"फोटोत देखणं दिसतं ते मैदान आपल्या कामाचं नाही," हा त्यांचा पहिला नियम. "फोटोत तळं दिसतं. तळं म्हणजे आपले चेंडू." मग ते फोन लावायचे. पहिल्याच फटक्याला पाणी ओलांडावे लागते का? कडेचे गवत किती वाढवता? वाळूच्या खड्ड्यातून वर यायला उतार आहे, की भिंत? मागून येणारी माणसे घाई करतात का? एका व्यवस्थापकाला तर त्यांनी विचारले होते, "तुमच्या तळ्यातून वर्षाला चेंडू किती निघतात?" तो अभिमानाने म्हणाला, "पोतीच्या पोती." मास्तरांनी आभार मानून फोन ठेवून दिला.

यंदाचे मैदान सगळ्या कसोट्यांना उतरले होते. रुंद, सपाट, पाणी नावालाच. कधी नव्हे ते साडूच कुरकुरले होते. "तिथे डास फार असतात म्हणे," असे काहीतरी म्हणाले. मास्तरांनी लगेच फोन करून डासांची चौकशी केली आणि डास नाहीत असे जाहीर केले.

झुडपातून दोन्ही चेंडू निघाले. वर तिसराही एक निघाला, परक्याचा, जवळजवळ नवा. मास्तर खुशीत आले. "बघा, फायदाच झाला," असे म्हणत ते पुढे चालले. अर्धे मैदान संपले तिथे एक पत्र्याची शेड होती आणि शेडपाशी एक म्हातारा माळी गवत कापायच्या यंत्राचे पाते पुसत बसला होता. त्याने सहज वर पाहिले, मग पुन्हा पाहिले आणि पाते तसेच टाकून उठला.

तो थेट साडूंच्या समोर येऊन उभा राहिला.

"छोट्या?"

साडूंनी टोपी पुढे ओढली. मास्तर मदतीला धावले. "बाबा, माणूस चुकला तुमचा. हे माझे साडू. लिफ्टच्या कामात असतात."

"चुकतो कशाला? बापासारखाच उभा राहतो अजून." म्हाताऱ्याने साडूंचा हात धरला, तळवा उलटा करून पाहिला. "मऊ पडले रे हात. मला वाटलं, कुठेतरी मोठा झाला असशील. पेपरात नाव शोधायचो तुझं."

"काका, राहू द्या," साडू हळूच म्हणाले.

मास्तरांच्या कानांनी तो शब्द टिपला. काका.

म्हाताऱ्याने खिशातून एक चेंडू काढून गवतावर ठेवला. "ती दोन झाडं बघ. तुझ्या बापाने लावलेली. त्यांच्या मधून रोज मारायचास. माझे डोळे आता फार दिवस साथ देणार नाहीत. एकदा बघू दे."

"काका, मी सोडलं ते सगळं."

"एकदाच."

साडूंनी मास्तरांकडे पाहिले. परवानगी मागावी तसे, किंवा माफी. मग त्यांनी पिशवीतून एक काठी काढली. मास्तर सांगायचे ती नव्हे, दुसरीच. आणि ते चेंडूपाशी उभे राहिले.

मास्तर बघत राहिले. समोर साडूच होते. तीच पोट सुटलेली आकृती, तोच ढगळ शर्ट. पण खांदे कुणी दुसऱ्याचे होते. कंबर हलली नाही, पाय चाचपडले नाहीत. काठी वर गेली ती जणू तिला वर जायचेच होते, आणि खाली आली तेव्हा असा आवाज झाला जो मास्तरांनी इतक्या वर्षांत स्वतःच्या किंवा साडूंच्या काठीतून कधी ऐकला नव्हता. लहान, कोरडा, स्वच्छ आवाज. चेंडू दोन झाडांच्या मधून गेला, पलीकडच्या हिरवळीवर उतरला, एकदा उडाला आणि भोकावरच्या झेंड्याच्या जवळ निमूट बसला.

डावे कोपर सरळ होते.

"याच्या वयाच्या पोरांत याच्या तोडीचा एक नव्हता," म्हातारा मास्तरांना सांगत होता. "बाहेरची माणसं बघायला यायची." त्याने बाहीने डोळे पुसले, साडूंच्या पाठीवर थाप मारली आणि पुन्हा पात्याकडे वळला.

मास्तर पिशवीवर बसले.

"दादा," साडू म्हणाले.

"मी तुम्हाला काठी धरायला शिकवत होतो," मास्तर म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "माझ्या मेहुणीसमोर. लोकांसमोर. तुमची बोटं हातात धरून."

"दादा, ऐका तर."

मास्तर उठले आणि पिशवी तिथेच सोडून चालू लागले.

मुक्कामाच्या खोलीत बायको पाय वर घेऊन कलिंगड खात बसली होती. नवऱ्याचा चेहरा बघून तिने फोड खाली ठेवली. "काय झालं? बरं वाटत नाही का?"

"त्याला खेळता येतं."

कुणाला, काय, हे तिने विचारले नाही. ते न विचारणेच मास्तरांच्या अंगावर थंड पाण्यासारखे पडले.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"धाकट्या बहिणीच्या लग्नापासून. अहो, बसा आधी."

"आणि सगळे मिळून माझी गंमत बघत होतात?"

"गंमत?" आता तिचा आवाज चढला. "तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडायचात तेव्हाची गंमत तुम्ही नाही बघितली, मी बघितलीय. जेवायला हाक मारली तर कूस बदलायचात. मी धाकटीला फोन करून रडले. दुसऱ्या दिवशी तिचे यजमान दारात. मला बाजूला घेऊन म्हणाले, ताई, मला येतं हे त्यांना कळू देऊ नका. मी कशाला सांगू? तुम्ही उठलात, पायांत बूट घातलेत. मला तेवढंच पुरे होतं."

"म्हणजे उपकार केले माझ्यावर."

"त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा."

मास्तर खिडकीशी जाऊन उभे राहिले. आयुष्यभर खोटे दात खऱ्यासारखे दिसावेत म्हणून राबलेला माणूस, आणि इतकी वर्षे शेजारी उभे असलेले खोटे त्याला दिसले नव्हते. एकेक आठवण पुढे येऊ लागली आणि प्रत्येकीला उजेडात धरून बघावे लागले. गेल्या सुट्टीत मास्तर एका फटक्याने जिंकले होते. शेवटी साडूंचा चेंडू भोकाच्या काठावरून परत फिरला होता आणि मास्तरांनी आनंदाने चौघांना आइस्क्रीम खिलवले होते. तो चेंडू आपणहून फिरला होता, की फिरवला होता? आणि चिखलात पडून दोघे पोट धरून हसले होते, ते हसणे? भाऊ गेल्यावर एवढेच तर नव्याने जमा झाले होते.

संध्याकाळी साडू पिशवी घेऊन आले. खोलीच्या बाहेरच्या बाकावर दोघे बसले. मधे एका माणसाची जागा मोकळी राहिली.

"वडील इथे शिकवायचे," साडू बोलू लागले. ते एरवी इतके कधी बोलत नसत. "जिंकून आलो की चुकलेले फटके मोजून दाखवायचे. हरून आलो की बोलणंच बंद. जेवताना आईला सांगायचे, त्याला मीठ हवंय का विचार. मी समोर बसलेलो असायचो. एक दिवस काठ्या तिथेच टाकून शहरात निघून गेलो. त्यानंतर काठी हातात धरली ती तुमच्या अंगणात."

"आणि मुद्दाम चुकलात."

"पहिल्यांदा मुद्दाम. चेंडू नाल्यात गेला आणि तुम्ही हसलात. दादा, मी चुकलो आणि कुणी हसलं, असं कधी झालंच नव्हतं. मग चुकत राहिलो. कधी थांबायचं तेच कळेना. तुमच्यासाठी आलो होतो, खरं आहे. पण नंतर माझ्यासाठीच येत होतो."

मास्तर समोरच्या गवताकडे बघत राहिले. "साडूबुवा, तुम्ही आता जे सांगताय ते खरं, की हेही माझं मन राखायला?"

साडू काय उत्तर देणार होते? कुठलेही उत्तर त्याच तोंडातून येणार होते.

"उद्या सकाळी खरं खेळायचं," मास्तर म्हणाले.

"नको, दादा."

"खरं. माझी शपथ आहे तुम्हाला."

सकाळी दोघेच गेले. साडूंनी पहिला फटका मारला. चेंडू मैदानाच्या मधोमध, लांबवर जाऊन पडला. मास्तरांचा नेहमीप्रमाणे उजवीकडे गेला. साडू सवयीने झुडपांकडे वळले, तशी मास्तरांनी हाताने थांबवले. "तुमचा तिकडे आहे. तुम्ही तिकडे जा."

झुडपात ते एकटेच शिरले. आत ओल होती, पायाखाली पाने वाजत होती. "सापडला का हो?" असे विचारायला कुणी नव्हते. चेंडू सापडला, त्यांनी कसाबसा बाहेर काढला, पुढच्या फटक्याला पुन्हा आत घातला. असा एका भोकाचा डाव झाला, दुसऱ्याचा झाला. साडूंचा एकही चुकला नाही. प्रत्येक फटका मास्तर बघत होते, आणि त्यातला देखणेपणा त्यांना दिसत होता.

तिसऱ्या वेळी ते झुडपातून बाहेर आले तेव्हा साडू बऱ्याच अंतरावर आपल्या चेंडूपाशी उभे होते. मास्तर त्यांना हाक मारणार होते, पण थांबले. एवढा साठीचा माणूस, पण पाय जुळवून, काठी अंगाला लावून, मान खाली घालून उभा होता. चेहरा पांढराफटक. ओठ हलत होते; स्वतःशीच काहीतरी मोजत असावेत. नाल्यात घसरला तरी खदखदा हसणारा हा माणूस कुणीतरी येऊन बोलेल, किंवा बोलणार नाही, याची वाट बघत उभा होता.

मास्तरांनी हा चेहरा कधीही पाहिला नव्हता. काल त्या फटक्याने बसला त्याहून मोठा धक्का त्यांना आता बसला. काल विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिथे उभे होते, आणि ते उत्तर काढायला शपथ आपण घातली होती.

ते चालत साडूंपर्यंत गेले. जवळ पोहोचायला वेळ लागला.

"किती चुकले?" त्यांनी विचारले.

"दोन," साडू खाली बघत म्हणाले. "दोन नीट नाही बसले."

"मला तर एकही दिसला नाही."

मास्तरांनी खाली वाकून त्यांचा चेंडू उचलला आणि स्वतःच्या खिशात टाकला. नियमात बसत नव्हते ते. मग साडूंच्या हातातली काठी घेतली. बोटे सुटायला जरा वेळ लागला. ती त्यांनी साडूंच्या पिशवीत नीट ठेवली.

"दादा, पुढे काय करायचं?"

"माहीत नाही," मास्तर म्हणाले. शिकवण्यासारखे काहीच त्यांना सुचत नव्हते. "चला तर."

पिशव्या खांद्यावर टाकून दोघे चालू लागले. त्यांच्यामागून खेळत येणारी मंडळी येऊन थांबली होती. त्यातला एक जण हात उंच करून ओरडला, "तुम्ही मारा, आम्ही थांबतो!"

मास्तर वळले. त्यांनी साडूंना आपल्याबरोबर गवताच्या कडेला घेतले आणि त्या माणसांना वाट मोकळी करून दिली.

"या तुम्ही," ते म्हणाले. "आम्ही नुसते चालतोय."