गुडघ्याची पिकवणी

दापोऱ्याच्या उखर्डू पाटलांचा उजवा गुडघा वाकायला तयार नव्हता, आणि वाकायला उखर्डू पाटीलही कधी तयार नसत. एरवी दोघांचं छान जमलं असतं. पण पूर्णिमाचं लग्न तोंडावर आलं होतं आणि लेकीच्या कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसायचं होतं.

"खुर्चीवर बसा ना," त्यांच्या पत्नी मालूबाई म्हणाल्या. "आजकाल सगळेच बसतात."

सगळे बसतात, हेच तर दुखणं होतं. मागच्या उन्हाळ्यात मालूबाईंच्या भावाने, खकनारच्या वसंतने, आपल्या लेकीचं कन्यादान खुर्चीवर बसून केलं. तेव्हा उखर्डूंनी भर मांडवात विचारलं होतं, "का हो वसंतराव, लेक देताय की दाढी करून घेताय?" मांडव खदखदला. वसंतही हसला, पण दात न दाखवता. परवाच त्याचा फोन आला होता. "दाजी, बिलकुल टेन्शन घेऊ नका. खुर्ची मी आणतो. हातांची."

बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी व्यायाम आणि शेक सांगितला. व्यायाम उखर्डूंनी डॉक्टरांकडेच ठेवला, शेक तेवढा घरी आणला. पूर्णिमाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. बाहेर बर्फ, आत लाकडी खोलीत पंचे गुंडाळून बसलेली मंडळी, आणि कोणीतरी तापल्या दगडांवर पाणी ओततंय.

"याला सॉना म्हणतात, पप्पा. उष्णतेने रक्त खेळतं, आखडलेलं अंग सैल होतं, झोप मस्त लागते. पण थोडाच वेळ बसायचं, पाणी पीत राहायचं, और चक्कर आली की सीधा बाहेर. आणि गुडघा काही नवा होत नाही हां!"

उखर्डूंनी 'सैल होतं' एवढंच ऐकलं. जन्म केळीत गेलेला माणूस. त्यांची नजर अंगणापलीकडच्या खोलीकडे गेली. वडिलांच्या काळात तिथे धुरी देऊन केळी पिकवत. आता कच्चा माल शेतातूनच ट्रकमध्ये चढतो, म्हणून खोलीत फक्त लग्नातल्या शिकरणासाठी राखलेले घड टांगलेले होते.

"दगडासारखी केळी इथे आत जातात आणि मऊ होऊन बाहेर येतात," ते म्हणाले. "केळीला जमतं ते मला का नाही जमणार?"

"केळी आत बसून चहा मागत नाहीत," मालूबाई म्हणाल्या आणि चुलीवर दगड तापवायला गेल्या.

खोली सुरू झाली. घमेल्यात तापलेले दगड, त्यावर तांब्याने पाणी, आणि वाफेत पंचा नेसलेले उखर्डू. आपल्याला सोबत म्हणून त्यांनी घड तसेच राहू दिले. केळी पिकायला लावली की दार उघडायचं नाही, हा घरातला जुना कायदा त्यांनी स्वतःलाही लावला. पूर्णिमा दर थोड्या वेळाने दार वाजवून तो मोडायची आणि त्यांना बाहेर काढून पाणी पाजायची. बाहेर आले की ते केळं बघावं तसा गुडघा अंगठ्याने दाबून बघत आणि म्हणत, "आलाय. अजून थोडा कच्चा आहे."

गंमत म्हणजे फरक पडला. कण्हणं थांबलं, झोप लागू लागली. एका संध्याकाळी तर मालूबाईंनी नवऱ्याला बाहेर काढलं आणि स्वतःच आत बसून कडी लावली. नासले ते फक्त घड. वरून हिरवे, आतून लगदा.

"पप्पा, ही उकडली!"

"म्हणजे उष्णता आतपर्यंत पोचते," उखर्डू समाधानाने म्हणाले.

लग्नात वसंत खरंच खुर्ची घेऊन पाटामागे उभा राहिला. उखर्डूंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, धोतर सावरलं आणि मांडी घालून बसले. मांडवातून कौतुकाचा 'वा' उठला. कन्यादान झालं. भटजी म्हणाले, "उठा, यजमान."

गुडघा बसायला पिकला होता. उठण्याबद्दल त्याच्याशी काही बोलणंच झालं नव्हतं.

वसंत कानाशी वाकला. बहिणीने त्याला घडांची हकीकत सांगितली होती. "काय दाजी, वरून हिरवे, आतून लगदा? एकदा म्हणा, 'वसंता, खुर्ची दे.'"

उखर्डूंनी घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या घराण्यात रीत आहे. लेकीची पाठवणी होईपर्यंत बाप पाटावरून उठत नाही."

भटजींनी भुवया उंचावल्या, पण नकार दिला नाही. व्याही भारावले. वसंत हसायला लागला, तसे उखर्डू पुढे म्हणाले, "आणि नवरीचा मामाही. आण रे कुणीतरी वसंतरावांना पाट."

सगळा मांडव बघत होता. खुर्ची सोडून वसंत हळूहळू, कण्हत खाली बसला.

पंगती उठल्या. पूर्णिमा रडत पाया पडून गाडीत बसली. मांडवाच्या झालरी उतरल्या, तरी दोघे पाटांवर तसेच, मांडी घालून.

"वसंता," शेवटी उखर्डू हळूच म्हणाले, "आता कोणी नाही बघत. दे ती खुर्ची."

वसंतने मागे पाहिलं.

"मांडववाला आपली समजून घेऊन गेला, दाजी."

लांबून मालूबाईंचा आवाज आला. "दगड तापायला टाकलेत हो! दोघं चालत येताय, की घमेलं पाठवू?"